सभेत बोलू देत नाहीत, मग प्रभागातला प्रश्न सभेपर्यंत न्यायचा कसा?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. तालुक्याचं गाव, काही वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. तुमच्या गल्लीत गटार नाही, सांडपाणी रस्त्यावरून वाहतं. दोनदा सह्यांचं निवेदन दिलं. नगरसेवक म्हणतात, "सभेत विषय घेतला, ठरावही झाला." वर्ष उलटलं तरी कुदळ पडलेली नाही. शेवटी गल्लीतले वीस-पंचवीस जण मिळून सर्वसाधारण सभेला गेलात, तर "नागरिकांना इथे बोलता येत नाही" म्हणून तुम्हाला बाहेर काढलं. आता विचारताय की सभेत बोलायचा हक्क मिळवायचा कसा आणि त्यासाठी तक्रार कुणाकडे करायची.

नगरपरिषदेच्या सभा विभागात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली, आधी लिपिक म्हणून, पुढे कार्यालय अधीक्षक म्हणून. विषयपत्रिका काढणं, सभेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून टिपणं घेणं, नंतर त्यांचे ठराव लिहून काढणं हेच काम. त्या अनुभवावरून सांगतो, बोलायला न मिळणं ही तुमची खरी अडचण नाही. त्या दिवशी तुम्हाला दहा मिनिटं दिली असती आणि सगळ्या सभागृहाने माना डोलावल्या असत्या, तरी गटार झालं नसतं. बोललेलं कागदावर येत नाही, आणि कागदावर नाही त्याला पैसे मिळत नाहीत. तुमचा प्रश्न अडलाय तो ठरावाच्या मजकुरात किंवा ठरावानंतरच्या नस्तीत, म्हणजे कामाच्या फाइलमध्ये. नेमका कुठे, ते आधी शोधावं लागेल.

पण आधी बोलण्याचं बघू, कारण ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेल्या सगळ्याच गावांत हा गोंधळ आहे. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो, म्हणून तिथे तुम्ही उभं राहून सरपंचाला जाब विचारत होता. नगरपंचायत झाली की गाव १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाखाली येतं. त्यातली सर्वसाधारण सभा नगरसेवकांची असते. विषय मांडणं, बोलणं, मत देणं हे त्यांचं काम. तुम्ही तिथे प्रेक्षक. तेव्हा बोलू दिलं नाही यात नियमभंग काही नाही.

बसू न देणं मात्र वेगळं. कायद्याने नगरपरिषदेची सभा लोकांसाठी खुली असते. एखादा विषय बंद दाराआड घ्यायचा असेल तर हजर सदस्यांनी बहुमताने तसं ठरवावं लागतं. कामकाजात अडथळा आणणाऱ्याला बाहेर काढायचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला, म्हणजे सभा चालवणाऱ्याला आहे. पंचवीस माणसं एकदम आत शिरली आणि दोघांनी आवाज चढवला, की हा अधिकार वापरायला त्यांना आयतं निमित्त मिळतं. पुढच्या वेळी चौघंच जा. दोन दिवस आधी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधं पत्र द्या की आम्ही अमुक तारखेची सभा बघायला येणार आहोत, बसायची सोय व्हावी. पोच घ्या. आत वही काढून गप्प बसा. समोर कुणी लिहून घेतंय म्हटल्यावर सभेचा सूर बदलतो, हे मी टेबलावरून कितीदा तरी पाहिलंय. तरीही उठवलं, तर कुठल्या ठरावाने सभा बंद केली, हे लेखी विचारा.

ग्रामसभेसारखं काहीतरी शहरातही असावं म्हणून २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद आली. कागदावर ती छान आहे. प्रत्यक्षात भरलेली क्षेत्रसभा मी तरी पाहिली नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

आता ठरावाकडे. "ठराव झाला" हे तोंडी ऐकून घेऊ नका, प्रत मिळवा. सभा लिपिकाकडे ठराव क्रमांक आणि सभेची तारीख विचारा. सहज मिळाली तर उत्तम. नाहीतर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, म्हणून निबंध लिहू नका. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. त्याहून जवळची वाटही आहे. २०१८ साली सामान्य प्रशासन विभागाने परिपत्रक काढलं, त्यानुसार जिल्ह्यातली कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत. छोट्या कार्यालयात हे परिपत्रक कुणाला आठवत नाही. त्याची प्रत खिशात ठेवून जा.

प्रत हातात आली की शब्द न् शब्द वाचा. तुमच्या ठरावात काय असेल याचा अंदाज मी इथे बसून देतो, कारण असे ठराव मी पोत्याने लिहिलेत:

"विषय क्र. ११ : प्रभाग क्र. ९ मधील नागरिकांच्या निवेदनाबाबत विचार करणे. ठराव : सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन प्रभाग क्र. ९ मध्ये आवश्यकतेनुसार व निधीच्या उपलब्धतेनुसार गटार बांधकाम करण्यास ही सभा सर्वानुमते मान्यता देत आहे."

वाचायला गोड, पण हातात काही पडत नाही. विषयाचा मथळाच "विचार करणे" असा आहे. सभेने विचार केला, विषय निकाली निघाला. "आवश्यकतेनुसार" म्हणजे आवश्यकता कोण ठरवणार, ते लिहिलेलं नाही. "निधीच्या उपलब्धतेनुसार" म्हणजे आज निधी नाही आणि कुठून आणायचा हेही ठरलेलं नाही. गटार कुठून कुठपर्यंत, किती रकमेचं, खर्च कुठल्या लेखाशीर्षाखाली (म्हणजे हिशेबातल्या कुठल्या सदराखाली), पुढची कार्यवाही कुणी करायची, यातलं एकही नाही. असा ठराव बांधकाम विभागाच्या टेबलावर गेला की अभियंता त्यावर काही करू शकत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. नगरसेवक खोटं बोलत नाहीत, ठराव खरंच झालाय.

काम होणारा ठराव ओळखायला सोपा असतो. त्यात अमुक यांच्या घरापासून मोठ्या नाल्यापर्यंत आरसीसी गटार बांधणे असं कामाचं पूर्ण नाव असतं. (ही "यांच्या घरापासून यांच्या घरापर्यंत" पद्धत गमतीची वाटते, पण छोट्या गावात गल्ल्यांना नावं नसतात, तिथे तीच खात्रीची खूण.) अंदाजपत्रकाची, म्हणजे त्या कामाच्या अंदाजित खर्चाची रक्कम असते, तिला प्रशासकीय मान्यता (काम करायची आणि खर्चाची मंजुरी) दिलेली असते. खर्च कुठल्या योजनेतून किंवा लेखाशीर्षातून, ते असतं. शेवटी "पुढील कार्यवाहीचे अधिकार मुख्याधिकारी यांना देण्यात येतात" असतं. आणि सूचक-अनुमोदकांची, म्हणजे ठराव मांडणाऱ्याचं आणि त्याला पाठिंबा देणाऱ्याचं, नावं असतात. ही नावं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

तुमचा ठराव पहिल्या जातीचा निघाला, तर जुन्या ठरावाच्या अंमलबजावणीसाठी भांडण्यात शक्ती घालवू नका. नवा, नीट विषय सभेपुढे न्या. दुसऱ्या जातीचा निघाला, तर नस्ती कुठे थांबली ते शोधा: तांत्रिक मान्यता (आराखडा-अंदाजपत्रकाला अभियंत्यांची मंजुरी), निविदा की कार्यादेश (कंत्राटदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश). निविदेला प्रतिसादच आला नाही, असंही होतं. छोट्या रकमेच्या कामाला कंत्राटदार फिरकत नाहीत. कार्यादेश निघून कंत्राटदार बसून असेल, तर कार्यादेशातली मुदत बघा आणि मुदत संपल्यावर काय कारवाई केली ते मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा. यातल्या प्रत्येक टप्प्यावर जबाबदार माणूस वेगळा असतो. "काम का होत नाही" या प्रश्नाला कार्यालयात सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. "तांत्रिक मान्यतेला प्रस्ताव कुठल्या तारखेला गेला" याला तसं करता येत नाही.

नवा विषय न्यायचा असेल, तर काही गोष्टी तुमच्या गावावर अवलंबून आहेत. त्या मला ठाऊक नाहीत, तुम्हालाच तपासाव्या लागतील.

पहिली म्हणजे रस्ता कुणाचा? तालुक्याच्या गावातून जाणारा मोठा रस्ता बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो. त्याच्या कडेला गटार बांधायचं तर त्यांची परवानगी लागते, आणि दोन्ही कार्यालयं वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत बसतात. गल्ली खासगी लेआउटमधली असेल आणि रस्ते अजून नगरपंचायतीकडे हस्तांतरित झालेले नसतील, तर लेखापाल तिथल्या खर्चावर आक्षेप घेणारच. निवेदन देणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. "बघू, करू" म्हणून बोळवण होते, आणि लोकांना वाटतं आपल्यावर राग आहे.

दुसरी, पाणी शेवटी जाणार कुठे? याकडे लोक सर्वात कमी लक्ष देतात. गल्लीभर गटार बांधलं आणि त्याचं तोंड पुढच्या गल्लीच्या चौकात सोडलं, तर तुमचं डबकं फक्त पुढच्या लोकांच्या दारात सरकतं, आणि मग तेच सभेत येऊन विरोध करतात. उतार कुठे आहे, नाला किती लांब आहे, मधे कुणाची जागा येते, हे अभियंत्याला सोबत घेऊन एकदा चालून बघा. पावसाळ्यात आपोआप पाणी जातं तोच उतार. मोजणी करणाऱ्यालाही ते सांगायला गल्लीतला म्हातारा माणूसच लागतो.

तिसरी, सत्ता कुणाच्या हातात आहे? डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांआधी राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक, म्हणजे निवडून आलेल्या सभेऐवजी नेमलेले अधिकारी होते. प्रशासक असला की सभेचे अधिकार त्याच्याकडेच असतात, मग तुम्हाला नगरसेवक गाठायचाच नसतो, थेट त्याला भेटायचं असतं. तुमच्याकडे निवडून आलेली सभा आहे असं धरून पुढचं लिहितो.

सर्वसाधारण सभा दोन महिन्यांत किमान एकदा व्हावी लागते आणि तिची नोटीस विषयपत्रिकेसह पूर्ण सात दिवस आधी सदस्यांना द्यावी लागते. म्हणजे विषयपत्रिका त्याच्याही आठ-दहा दिवस आधी तयार होत असते. अध्यक्षांकडून तारीख आली की सभा लिपिक सगळ्या विभागांकडून विषय मागवतो. विभाग देतात त्या विषयासोबत टिपणी असते: काम काय, अंदाजपत्रक किती, निधी कुठला, अभिप्राय काय. टिपणी असेल तर सभेत विषय दोन मिनिटांत मंजूर होतो. नुसतं निवेदन जोडलेलं असेल तर वरच्यासारखा "विचार करणे" ठराव होतो. म्हणून तुमची खरी गाठ सभा विभागाशी नाही, बांधकाम विभागाशी आहे, आणि तीही सभेच्या महिनाभर आधी. अभियंत्याकडून जागा पाहणी आणि अंदाजपत्रक करून घेणं, हे निम्म्याहून जास्त काम झालं.

त्यासाठी अर्ज कसा लिहायचा? वीस मागण्यांचं निवेदन देऊ नका. गटार, पथदिवे, कचरागाडी, भटकी कुत्री सगळं एकाच कागदावर असलं, की तो कागद चार विभागांत फिरतो आणि कुणाचाच राहत नाही. एक अर्ज, एक काम. वर कामाचं नाव ठरावात यावं तसंच लिहा. खाली लांबी, किती घरं, पाणी कुठे सोडता येईल, रस्ता कुणाच्या ताब्यात. शेवटी दोन मागण्या: जागेची पाहणी करून अंदाजपत्रक करावं, आणि विषय टिपणीसह येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. भावनेचा परिच्छेद गाळला तरी चालेल. साचलेल्या पाण्याचे दोन फोटो जोडा. आवक विभागात नोंद करून तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज साहेबांच्या टेबलावरच राहतो. पालिकेत आवक क्रमांक नसलेला कागद जन्मालाच आलेला नसतो.

त्याच अर्जाच्या प्रतीवर तुमच्या नगरसेवकाचं पत्र घ्या, की हा विषय विषयपत्रिकेत घ्यावा. नगरसेवक विरोधी गटाचा असेल तर त्याचं पत्र कधीकधी मुद्दाम मागे पडतं, हे खरं आहे. अशा वेळी शेजारच्या प्रभागातल्या सत्ताधारी नगरसेवकाचीही सही घ्या. पाणी त्याच्या बाजूने जाणार असेल तर तो देतोच. पक्षाच्या भांडणात गटार अडकू द्यायचं नसेल, तर श्रेय दोघांना वाटून द्यायची तयारी ठेवा. उद्घाटनाच्या फलकावर कुणाचं नाव लागतं याने पाण्याचा उतार बदलत नाही.

पैशाचं थोडं सांगतो. छोट्या नगरपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न, म्हणजे घरपट्टी वगैरे, तुटपुंजं असतं. कामं होतात ती बहुतेक योजनेच्या पैशातून: वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांसाठीचा) आणि अबंधित (मोकळा) निधी, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा नगरोत्थानसारख्या योजनांचा निधी, दलित वस्तीसाठीचा निधी. प्रत्येकाचे नियम वेगळे. तुमची गल्ली यातल्या कशात बसते हे लेखापालाला आधीच विचारून घ्या आणि अर्जात त्या योजनेचं नाव लिहा. अंदाजपत्रकीय सभा, म्हणजे पालिकेच्या वार्षिक बजेटची सभा, साधारण फेब्रुवारीत होते. तुमचं काम त्या वेळी कामांच्या यादीत असेल तर वर्षभर हातात काहीतरी राहतं. एप्रिलमध्ये जागं झालात तर "तरतूद नाही" हे उत्तर ऐकायला लागेल, आणि ते बऱ्याचदा खरंही असतं.

"ऐनवेळच्या विषयात घेऊन टाकतो" असं कुणी म्हणालं तर हुरळून जाऊ नका. विषयपत्रिकेत नसलेला खर्चाचा विषय ऐनवेळी मंजूर केला, की विरोधकांना जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला वाट मिळते. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. तुम्हाला कुणीतरी हेच ३०८ वापरायचा सल्ला दिलाय म्हणता. त्या कलमाने झालेला ठराव थांबतो, न झालेलं काम सुरू होत नाही. तुमच्या उपयोगाचं ते नाही.

विशेष सभेचंही तसंच. एक चतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर अध्यक्षांना पंधरा दिवसांच्या आत विशेष सभा बोलवावी लागते. सतरा प्रभागांच्या नगरपंचायतीत पाच सह्या पुरतात. पण एका गल्लीच्या गटारासाठी पाच नगरसेवक सही करत नाहीत, आणि केलीच तर त्यांचा डोळा दुसऱ्याच कशावर असतो. सगळ्या गावाचा पाणीपुरवठा बंद पडला असेल तर गोष्ट वेगळी.

विषय नीट मंजूर झाला की आणखी एक जागा सांभाळायची असते, ती म्हणजे इतिवृत्त, सभेच्या कामकाजाची लेखी नोंद. सभेत ठरलं एक आणि लिहिलं गेलं दुसरं, असं होऊ शकतं. कधी हेतूने, पण बऱ्याच वेळा घाईने. पुढच्या सभेचा पहिला विषय "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे" हा असतो, आणि तो कुणीही न वाचता मंजूर होतो. त्याच्या आधी ठरावाची प्रत घेऊन कामाचं नाव, रक्कम, लेखाशीर्ष तपासा. फरक असला तर सूचक नगरसेवकाला सांगा. इतिवृत्त कायम होण्याआधी तो दुरुस्ती सुचवू शकतो. नंतर ते फार जड जातं.

तक्रार कुणाकडे, याचं उत्तर आता सोपं झालं. जिल्हाधिकारी कार्यालयात नगरपालिका प्रशासन शाखा असते, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस असतो. तिथे "आमचं कुणी ऐकत नाही" असा अर्ज दिलात, तर तो "नियमानुसार कार्यवाही करून अर्जदारास कळवावे" असा शेरा होऊन मुख्याधिकाऱ्यांकडेच परत येईल. पण अर्जात ठराव क्रमांक, तारीख, तांत्रिक मान्यतेची तारीख आणि त्यानंतर इतके महिने निविदा नाही, एवढं असेल, तर त्या शाखेतला माणूस फोन उचलून विचारतो. मी त्या फोनच्या या टोकाला होतो. असा फोन आला की त्याच दुपारी नस्ती शोधली जायची.

हे सगळं व्हायला, सगळं सुरळीत गेलं तरी, सहा-आठ महिने धरा. मधे आचारसंहिता लागली तर त्याहून जास्त. तोवर दारातलं पाणी तसंच राहणार. त्यासाठी मुख्याधिकाऱ्यांकडे वेगळा अर्ज द्या, या अर्जात गटाराचा उल्लेखही नको: साचलेल्या पाण्याला नाल्यापर्यंत तात्पुरता चर काढून द्यावा आणि डासांसाठी औषध फवारणी करावी. असल्या देखभालीच्या कामाला सहसा सभा लागत नाही. पालिकेचा जेसीबी आणि चार सफाई कामगार एका सकाळी ते करून जातात. फक्त चर कुठून काढायचा हे त्या दिवशी तुमच्यापैकी कुणीतरी उभं राहून दाखवा, नाहीतर नळाची पाइपलाइन फुटेल.